एमबीए उलट्या बाजूने वाचा: आधी नोकरीचा दिवस, शेवटी कॉलेज

पदवीचं शेवटचं वर्ष लागलं की घरोघरी तोच विषय निघतो: एमबीए करायचं का, आणि केलं तर कशात? वाटही ठरलेलीच असते. आधी सीईटीचा फॉर्म भरायचा, मग पर्सेंटाइल येईल तसं कॉलेज घ्यायचं, दुसऱ्या वर्षी मित्र घेतील ते स्पेशलायझेशन घ्यायचं आणि सगळ्यात शेवटी नोकरीकडे बघायचं. नोकरीतल्या पहिल्या सोमवारी नेमकं काय करायचं असतं हे कळेपर्यंत दोन वर्षं आणि बहुतेकदा काही लाख रुपये गेलेले असतात. इथे क्रम उलटा धरला आहे. आधी नोकरीचा दिवस कसा जातो ते बघू, मग पगार आणि कर्जाचा हिशोब, त्यानंतर कॉलेज, परीक्षा आणि कागदपत्रं.

त्याआधी अभ्यासक्रमाचा सांगाडा दोन ओळींत. दोन वर्षं, चार सत्रं. पहिल्या वर्षी सगळ्यांना साधारण सारखेच विषय असतात: अकाउंट्स, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मार्केटिंग, उत्पादन व्यवस्थापन, माणसांचं वागणं, व्यवसायाचे कायदे. मधल्या उन्हाळ्यात आठ ते दहा आठवड्यांची इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन. विषय वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवतात, पण कामावर ते एकाच वेळी अंगावर येतात. ते कसे येतात, हे विक्रीच्या नोकरीत सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून तिथून सुरुवात.

मार्केटिंग घेतलं, हाती आली विक्री

मार्केटिंग म्हटलं की जाहिरात, ब्रँड, सोशल मीडिया डोळ्यांसमोर येतं. ब्रँड सांभाळण्याच्या जागा थोड्या असतात आणि त्या मोजक्या नामवंत संस्थांतल्या मुलांना मिळतात. बाकीच्यांना पहिली नोकरी विक्रीत मिळते, आणि त्या नामवंत संस्थांतल्या मुलांनाही पुष्कळ कंपन्या आधी वर्षभर बाजारात फिरवतात. साबण असो, रंग असो की सिमेंट, नव्या माणसाला एखादा जिल्हा किंवा दोन-चार तालुके नेमून देतात. पद एरिया सेल्स मॅनेजर किंवा टेरिटरी मॅनेजर. हाताखाली काही डिस्ट्रिब्युटर आणि त्यांचे सेल्समन.

दिवस असा जातो. सकाळी सेल्समनबरोबर बीटवर निघायचं. बीट म्हणजे त्या वारी करायच्या दुकानांची ठरलेली रांग, साधारण तीस-चाळीस दुकानं. कुठे माल मागच्या फळीत ढकललेला असतो, कुठे स्पर्धकाने नवी स्कीम दिलेली असते, कुठे दुकानदार मुदत संपलेल्या मालाचा खोका समोर ठेवून म्हणतो, ‘आधी हा उचला, मग ऑर्डरचं बोलू.’ दुपारनंतर डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात स्टॉक आणि उधारी तपासायची. महिन्याची पंचवीस तारीख उलटली की वरिष्ठांचे फोन सुरू होतात: टार्गेट किती राहिलं?

या कामात दोन शब्द जिवाभावाचे. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल विकला की ती प्रायमरी विक्री. डिस्ट्रिब्युटरने दुकानांना विकला की ती सेकंडरी. बऱ्याच कंपन्यांत टार्गेट प्रायमरीवर मोजतात, म्हणून महिनाअखेरीला डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल कोंबण्याचा मोह होतो. तो का महागात पडतो, हे एका काल्पनिक पण नेहमीच्या हिशोबातून बघा.

तालुक्याच्या गावातल्या एका डिस्ट्रिब्युटरची महिन्याची विक्री २० लाख. त्याला कमिशन ५ टक्के, म्हणजे १ लाख. दोन सेल्समन, डिलिव्हरीची गाडी, गोदामभाडं, हमाली मिळून ६५ हजार खर्च. हातात ३५ हजार, वर्षाला ४ लाख २० हजार. आता त्याचे पैसे कुठे अडकले ते पाहू. पंधरा दिवसांचा माल गोदामात म्हणजे साधारण १० लाख, आणि बाजारातली उधारी ५ लाख. एकूण १५ लाखांवर ४ लाख २० हजार, म्हणजे २८ टक्के परतावा. धंदा बरा चालला आहे, डिस्ट्रिब्युटर खूष आहे.

नव्या मॅनेजरने टार्गेटसाठी त्याच्याकडे आणखी पंधरा दिवसांचा माल उतरवला. विक्री तेवढीच राहिली, कारण गावाने साबण दुप्पट लावायला सुरुवात केलेली नाही. गोदामात आता २० लाख, उधारी ५ लाख. २५ लाखांवर कमाई तीच ४ लाख २० हजार. परतावा १६.८ टक्क्यांवर आला. त्यातली काही रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जातून, आलेली असेल, तर व्याज वजा जाऊन उरतं ते डिस्ट्रिब्युटरला एफडीशी तोलून बघावंसं वाटतं. पुढच्या महिन्यात तो ऑर्डर देत नाही. माल जुना होतो, परत पाठवण्यावरून भांडण होतं, आणि सहा महिन्यांत तो एजन्सी सोडतो. नवा डिस्ट्रिब्युटर शोधायला लागलेल्या दोन महिन्यांत त्या गावात स्पर्धक बसलेला असतो.

या एका गोष्टीत पहिल्या वर्षाचे चार विषय आहेत. गुंतवलेल्या पैशावरचा परतावा अकाउंट्समधला, पंधरा दिवसांचा साठा उत्पादन व्यवस्थापनातला, कमिशन आणि स्कीम मार्केटिंगमधली. आणि चिडलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या गादीवर बसून त्याला पुन्हा ऑर्डर द्यायला लावणं, हा माणसांच्या वागण्याचा धडा. ज्याला हा हिशोब डिस्ट्रिब्युटरच्या समोर, त्याच्याच वहीवर मांडता येतो, तो विक्रीत टिकतो. ज्याला फिरतीचा मनापासून कंटाळा आहे, उन्हात चाळीस दुकानांच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, त्याने मार्केटिंग हे नाव ऐकून भुलू नये. डिजिटल जाहिरातींच्या नोकऱ्या आहेत, पण त्यात दिवसभर खर्च, क्लिक आणि विक्री यांचे आकडे पिंजत बसायचं असतं. सर्जनशीलतेचा वाटा मुलांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी.

फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स: पाटीमागचं काम

फायनान्सची पाटी सगळ्यात चकचकीत, आणि फसगतही इथेच सगळ्यात जास्त. गुंतवणूक बँका, कंपन्यांचं मूल्यांकन वगैरे कामं थोडी असतात आणि तिथे सीए आणि सीएफए केलेल्यांशी गाठ असते. साधारण कॉलेजातून फायनान्स केलेल्या मुलाला ‘रिलेशनशिप मॅनेजर’ किंवा ‘वेल्थ मॅनेजर’ अशी ऑफर येते, तेव्हा टार्गेट कशाचं आहे एवढंच विचारा. विमा आणि म्युच्युअल फंडाच्या रकमेचं असेल, तर ती विक्रीची नोकरी आहे. वाईट नाही, पण ती विक्री आहे.

खरं फायनान्सचं, भरपूर जागा असलेलं आणि कमी बोललं जाणारं काम म्हणजे कर्जाची छाननी. बँकेतला क्रेडिट मॅनेजर चाकण किंवा वाळूजच्या लघुउद्योजकाचा ताळेबंद, जीएसटीची विवरणं, बँक स्टेटमेंट आणि दरमहाचं स्टॉक स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवून बघतो. ताळेबंदात विक्री ५ कोटी आणि जीएसटीत ३ कोटी ८० लाख असेल, तर पहिला प्रश्न तिथेच. नफा दिसतो पण पगाराला पैसे नाहीत, हे कोडंही इथे उलगडतं: मोठी कंपनी ९० दिवसांनी पैसे देते, कच्चा माल मात्र रोखीने आणावा लागतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असा कायदा आहे. न दिल्यास खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, अशी आयकराची तरतूदही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. अशा गोष्टींत रस वाटत असेल तर फायनान्स घ्या. शेअर बाजाराचं ॲप बघायला आवडतं, हे कारण पुरेसं नाही.

एचआर ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ म्हणून घेतात. पहिली दोन वर्षं बहुधा भरतीत जातात: पोर्टलवरून शंभर बायोडेटा काढायचे, चाळीस फोन करायचे, दहा मुलाखती ठरवायच्या, दोघांना ऑफर द्यायची आणि त्यातला एक नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात दुसरीकडे रुजू होतो. दुसरी बाजू कारखान्यातल्या एचआरची. भोसरी, अंबड, बुटीबोरी अशा एमआयडीसींत पीएफ, ईएसआय, कंत्राटी कामगारांची हजेरी, युनियनशी करार, कँटीनच्या जेवणावरून काम बंद, हे सगळं त्याच्या टेबलावर येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या नोट्स वाचून मुलाखतीला जाणाऱ्यांची पंचाईत होते. कारखान्यातलं एचआर ज्याला जमतं त्याला कंपन्या सहजी सोडत नाहीत. पण त्या कामाला मराठी मुलं, विशेषतः मुली, ‘फॅक्टरी नको’ म्हणून नाही म्हणतात आणि मग भरतीच्या गर्दीत अडकतात.

ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन इंजिनिअर मुलांना मानवतं, बाकीच्यांनाही जमतं. मूळ कल्पना सोपी आहे. तीन मशीनवरून एक पार्ट जातो: पहिलं तासाला ६०, दुसरं ४०, तिसरं ५० काढतं. कारखाना तासाला ४० च पार्ट देणार. पहिल्या मशीनला बोनस लावून ७० पर्यंत नेलं तर दुसऱ्यापुढे ढीग वाढेल, बाहेर पडणारा माल ४० च राहील. हे सगळ्यांना पटतं, तरी पैसे पहिल्या मशीनवर खर्च होत राहतात, कारण तिथला सुपरवायझर मोठ्याने बोलतो. भिवंडीची गोदामं, न्हावा शेवा बंदर, चाकणच्या वाहन कंपन्या, यांमुळे या शाखेला महाराष्ट्रात काम भरपूर आहे. वेळ मात्र घड्याळाप्रमाणे चालत नाही. ट्रक रात्री दोनला अडकला तर फोन रात्री दोनलाच येतो.

ॲनालिटिक्सबद्दल थोडक्यात: एक्सेल पक्कं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कामापुरतं आणि संख्याशास्त्राची भीती नाही, एवढं असेल तरच. नुसतं स्पेशलायझेशनचं नाव गुणपत्रिकेवर असून मुलाखतीत दहा मिनिटंही निभावत नाही.

शेती आणि सहकाराकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवं. आणंदची ‘इर्मा’ ही संस्था १९७९ मध्ये ग्रामीण व्यवस्थापनासाठीच स्थापन झाली. पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संघ, द्राक्ष आणि डाळिंब निर्यात, बियाणं आणि खतांच्या कंपन्या यांना हिशोब समजणारा आणि गावात बसून बोलू शकणारा माणूस हवा असतो. कृषी पदवीधर मुलाने एमबीए करून टेलिकॉमची सिमकार्डं विकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पॅकेज ८ लाख, खात्यात किती?

आता पैशाकडे. ‘आठ लाखांचं पॅकेज’ म्हणजे सीटीसी, कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यातून काय उरतं ते मांडून बघू. मूळ वेतन निम्मं, म्हणजे ४ लाख धरा.

८,००,००० मधून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग १,२०,००० गेला. कंपनीचा पीएफचा वाटा, मूळ वेतनाच्या १२ टक्के, ४८,०००. ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के, १९,२४०. उरले ६,१२,७६०. त्यातून तुमचा पीएफचा वाटा पुन्हा ४८,००० आणि व्यवसाय कर २,५००. राहिले ५,६२,२६०. बाराने भागले की महिन्याला सुमारे ४६,८५५ रुपये. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, हे नशीब. काही कंपन्या पीएफ कमाल मर्यादेवर म्हणजे १,८०० रुपयेच कापतात, तिथे हातात थोडे जास्त येतात. काही कंपन्या उलट आरोग्यविम्याचा हप्ता, कँटीन आणि ‘जॉइनिंग बोनस’सुद्धा सीटीसीत मोजतात. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता म्हणून आधी वाचायचा.

यातून कर्जाचा हप्ता द्यायचा आहे. समजा १० लाख शैक्षणिक कर्ज काढलं, व्याज १० टक्के. निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला, निम्मी दुसऱ्या वर्षाच्या. शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळ व्याजाने पहिल्या पाच लाखांवर सव्वा लाख आणि दुसऱ्या पाच लाखांवर पाऊण लाख साचतं. फेडायचे झाले १२ लाख. सात वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे १९,९०० रुपये. ४६,८५५ मधून तो वजा केला की हातात २७ हजारांच्या आत. पुण्यात दोघा-तिघांत फ्लॅट घेऊन भागेल. मुंबईत घरून थोडे पैसे मागवावे लागतील.

शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हे साचलेले दोन लाख टळतात, आणि हप्ता १६,६०० वर येतो. बँकेत हे स्वतःहून विचारा. नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत बहुधा हमीदारावर भागतं आणि त्यापुढे घर, जमीन किंवा एफडी तारण मागतात. मोजक्या नामवंत संस्थांसाठी बँका विनातारण जास्त रक्कम देतात. जुनी करप्रणाली निवडली असेल तर फेडलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते.

ही आकडेमोड निकालाआधी करायची. पाच लाखांच्या पॅकेजला बारा लाखांचं कर्ज झेपत नाही, हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं.

कॉलेजचं माहितीपत्रक कसं वाचायचं

आधी पदव्यांची नावं. मुंबई विद्यापीठाचा एमएमएस आणि इतर विद्यापीठांचा एमबीए यांत व्यवहारात फरक नाही. पीजीडीएम ही पदव्युत्तर पदविका, ती विद्यापीठाला न जोडलेल्या स्वायत्त संस्था देतात. त्यासाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता लागते, आणि पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर ती एमबीएच्या समकक्ष मानली आहे का ते बघावं लागतं. ‘परदेशी विद्यापीठाच्या सहयोगाने’, ‘उद्योगमान्य’ असले शब्द असतील आणि मान्यतेचा क्रमांक नसेल, तर पुढे वाचायची गरज नाही. एआयसीटीईच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

मग प्लेसमेंट. ‘सरासरी पॅकेज ८.५ लाख’ हे वाक्य खरं असूनही फसवं असू शकतं. दहा मुलांपैकी नऊजणांना ५ लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी साडेआठच येते. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ५ लाख आहे, आणि तुम्हाला मिळण्याची शक्यता त्याचीच. दुसरी हातचलाखी भाजकात असते: १२० च्या वर्गातून ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ फक्त ७० ठरवायचे आणि त्यातले ६६ लागले म्हणून ९४ टक्के लिहायचं.

यावर एक साधा उतारा आहे. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपण पाठवलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि मध्यक पगार किती, हे चार आकडे वर्षवार असतात. माहितीपत्रकातले आकडे त्याच्या शेजारी ठेवा. संस्था क्रमवारीत नसेल तर मागच्या दोन तुकड्यांतली माणसं लिंक्डइनवर शोधा आणि ती आज कुठल्या पदावर आहेत ते बघा. टॉपर सोडून मधल्या दोघांशी बोला. प्रश्न तीनच: पहिल्या दिवशी काय काम दिलं, किती कंपन्या प्रत्यक्ष कॅम्पसवर आल्या, आणि इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली?

महाराष्ट्रात दोन आयआयएम आहेत. २०१५ साली सुरू झालेलं नागपूरचं, आणि पवईच्या ‘निटी’चं २०२३ मध्ये झालेलं आयआयएम मुंबई. निटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था १९६३ पासूनची, त्यामुळे ऑपरेशन्स ही तिथली जुनी ताकद. चर्चगेटचं जमनालाल बजाज १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झालं. सरकारी सिडनहॅम व्यवस्थापन संस्था आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, जो ‘पुंबा’ म्हणून ओळखला जातो, तोही जुना. गोव्यात साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे, १९९३ पासून. कमी शुल्क आणि चांगलं नाव यांचा मेळ राज्यात सगळ्यात छान बसतो तो सीईटीने मिळणाऱ्या पहिल्या दहा-पंधरा संस्थांत. त्याखाली गेलं की संस्था-संस्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तिथे वरची झडती घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

परीक्षा

राज्याची एमबीए सीईटी: २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. लॉजिकल रीझनिंग ७५, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग २५, गणित ५०, इंग्रजी ५०. प्रत्येक प्रश्नाला ४५ सेकंद. म्हणजे ही वेगाची परीक्षा आहे. एकाच कोड्यात तीन मिनिटं घालवणारा हुशार मुलगा इथे मागे पडतो. शेवटची दोन मिनिटं राखून ठेवून उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचंच. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून थेट गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात: ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले साधारण ९५ तुमच्या मागे. ९५ टक्के गुणांशी त्याचा संबंध नाही, हे घरच्यांना एकदा नीट समजावून ठेवलेलं बरं.

आयआयएमच्या प्रवेशासाठीच्या कॅटची जात निराळी. नोव्हेंबरअखेरीस होते, १२० मिनिटं, अलीकडे ६८ प्रश्न, तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटं आणि एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलेल्या पर्यायी प्रश्नाला उणे १. इथे कोणता प्रश्न सोडायचा हे कळणं महत्त्वाचं. सीईटीची सवय घेऊन कॅटला बसणारे ठोकताळ्यांनी गुण घालवतात आणि कॅटची सवय घेऊन सीईटीला बसणारे प्रश्न सोडून येतात. दोन्हींचे सराव पेपर वेगळे द्या.

आयआयएम निवडीत दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत या सगळ्याला वजन असतं आणि प्रत्येक आयआयएमचं सूत्र वेगळं. राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीकृत प्रवेश, प्रक्रियेत मुलाखत नाही, पर्सेंटाइलवर गुणवत्ता यादी लागते. दहावीला ६० टक्के पडलेल्या मुलाला जमनालाल बजाजची दारं त्यामुळे बंद होत नाहीत. अनेकांना ही गोष्ट माहीत नसते. बाकी झेवियरची झॅट जानेवारीत, सिम्बायोसिसची स्नॅप डिसेंबरमध्ये, एनमॅट वेगळी. प्रत्येकीचा फॉर्म दोन हजारांच्या वर जातो, आणि मुलाखतीचं शुल्क काही संस्था वेगळं घेतात. चार फॉर्म पुष्कळ झाले.

नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू आणि मान्यता असलेले ऑनलाइन एमबीए आहेत. बढतीसाठी पदवी हवी असेल तर ते पुरतात. कॅम्पस नोकरीची अपेक्षा तिथे ठेवू नये. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे ना, एवढं बघायचं.

बारावीनंतर बीबीए किंवा बीएमएसचा विचार असेल तर २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांचीही सीईटी सुरू झाली. आमचं मत विचाराल तर पुढे एमबीए नक्की करायचंच असेल तर बीबीए टाळा. तेच विषय दोनदा होतात. वाणिज्य, संख्याशास्त्र, कृषी, इंजिनिअरिंग, अगदी मानसशास्त्रही चालेल. एक स्वतंत्र विद्या हातात असली की एमबीए तिच्यावर चढतो.

कागद

दरवर्षी चांगले पर्सेंटाइल वाया जातात ते इथे. पात्रता पदवीला ५० टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सीईटी देऊ शकतात, पण विद्यापीठाचा निकाल लांबला आणि ठरलेल्या तारखेपर्यंत गुणपत्रिका दाखवता आली नाही तर जागा जाते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता दोन्ही लागतात, आणि वैधता आठवडाभरात मिळत नाही. नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत संपलेली असते आणि ते पडताळणीच्या दिवशी लक्षात येतं. अधिवास दाखल्यावर नाव एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं.

कॅपमध्ये कॉलेजांचे विकल्प भरताना एक चूक ठरलेली: पहिल्या क्रमांकावर ‘मिळेल असं’ कॉलेज टाकायचं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. म्हणून यादी खऱ्या पसंतीने, वरून खाली, आणि शेवटचं नाव असं की तेही मिळालं तर तुम्ही खरंच जाल.

शुल्काची सवलतही कागदावरच ठरते. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची मदत आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा. संस्था स्तरावर, म्हणजे ज्याला सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्यातून, घाईघाईने जागा घेणारे पालक ही सवलत हातची घालवतात. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमही खात्यात येत नाही. खासगी संस्थेचं मंजूर शुल्क किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं. त्यावरची ‘विकास निधी’ वगैरे मागणी पावतीशिवाय असेल तर भरू नका.

सीईटीचा फॉर्म भरताय त्याच आठवड्यात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर, यांचे अर्ज आपले सरकारवर किंवा सेतू केंद्रात टाकून या. निकालानंतर तिथली रांग तिप्पट होते आणि सर्व्हर नेमका तेव्हाच बंद पडतो.